वय घेऊन आलेली काडी

अक्काचा फोन आला तेव्हा तिनं आधी घराचं सांगितलं, मग झाडाचं. आवाज कापरा झाला तो झाडाचं सांगताना. घराचा व्यवहार झाला होता. घेणाऱ्यांना पुढच्या अंगणात गाडी लावायला जागा हवी होती आणि नेमक्या त्याच जागेवर मॅग्नोलिया उभा होता. "पुढच्या वर्षी पाडतील म्हणे," ती म्हणाली. "तू कलमं करतेस ना गं? बघ काही होतंय का."

मी तोवर गुलाबाच्या, जास्वंदीच्या, मोगऱ्याच्या काड्या लावून जगवल्या होत्या. मॅग्नोलियाला कधी हात लावला नव्हता. आपण मराठीत बऱ्याच झाडांना चाफा म्हणून मोकळे होतो आणि पहिली फसगत तिथेच होते. ज्याच्या फांदीतून दुधासारखा चीक गळतो तो चाफा, म्हणजे प्लुमेरिया. मॅग्नोलियाचा तो नात्यातलाही नाही. त्याची हातभर फांदी तोडावी, चीक सुकेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवावी, मातीत खोचावी, बहुधा जगते. सोनचाफा मात्र खरा मॅग्नोलिया. पूर्वी त्याला मिशेलिया म्हणत, आता वनस्पतिशास्त्रात तो मॅग्नोलिया चंपाका म्हणून ओळखला जातो. सोनचाफ्याची काडी ज्यांनी लावून पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे: ती काही आठवडे हिरवीगार राहते, जीवाला आशा लावते आणि मग एका सकाळी बुडापासून काळी पडलेली दिसते. म्हणून तर त्याचं भेट कलम बांधतात किंवा डोळा भरतात, म्हणजे आधीच मुळं असलेल्या रोपाला त्याची फांदी किंवा पालवीचा डोळा जोडतात.

अक्काचा मॅग्नोलिया होता सुलांजिआना. थंडी संपता संपता, एकही पान नसताना, नागड्या फांद्यांवर पेल्याएवढी फुलं येतात ती याची. बाहेरून गुलाबी-जांभळी, आत पांढरी. हे झाड रानात कुठेच उगवलेलं नव्हतं. नेपोलियनच्या घोडदळात अधिकारी राहिलेल्या एत्येन सुलांज-बोदँ यांनी पॅरिसजवळच्या आपल्या बागेत 1820 मध्ये दोन मॅग्नोलियांचा संकर केला. एक मूळचा चीनमधला पांढरा, दुसरा जांभळट आणि ठेंगणा. त्या संकराच्या बियांतून वाढलेल्या झाडाला पहिलं फूल 1826 मध्ये आलं. लढाया पाहिलेला माणूस आयुष्याच्या उत्तरार्धात एका फुलासाठी सहा वर्षं थांबतो, हे मला फार मोठं वाटतं.

संकर असल्यामुळेच बी लावून भागणार नव्हतं. मॅग्नोलियाची फळं तडकली की आतून शेंदरी बिया बाहेर येतात आणि बारीक पांढऱ्या धाग्याला लोंबत राहतात, दिसतात मोठ्या देखण्या. पण त्यांना रुजायला आधी दोन-तीन महिने ओली थंडी लागते, आणि रुजलेलं रोप आईबापांपैकी कुणावर जाईल याचा भरवसा नाही. फुलाची वाट पाहायची तीही वर्षानुवर्षं. हिमालयातला मॅग्नोलिया कॅम्पबेली तर बियाणाचा असेल तर पहिल्या फुलाला वीस-तीस वर्षंही घेतो. अक्काला त्या झाडासारखं दुसरं झाड नको होतं. तिला तेच हवं होतं. आणि छाट कलम, म्हणजे काडी तोडून लावणं, ही तेच झाड मिळवायची वाट आहे. काडीतून वाढलेलं रोप त्या झाडाचं लेकरू नसतं. ते झाडच असतं, दुसऱ्या जागी उभं राहिलेलं. हे मी वर्षानुवर्षं बोलत आले होते, पण त्याचा पुरता अर्थ मला या चौदा काड्यांनी शिकवला.

फुलं झडून, पानं पूर्ण उघडून सहा-सात आठवडे झाले तेव्हा मी तिच्याकडे गेले. पहाटेच तोडायच्या, म्हणून रात्री मुक्काम केला. पहाटे काडीत पाणी भरलेलं असतं. ऊन चढलं की ती मलूल होते आणि तुटल्यावर सावरायला तिच्याकडे काही उरत नाही. काडी निवडायची ती त्या वर्षीचीच, पण निबर. फार कोवळी असेल तर वाकवल्यावर मान टाकते. जून असेल तर कट्कन मोडते. हवी ती बोटाला उलट दाब देते, सोडली की जागेवर येते. शेंडा अजून हिरवा आणि बुडाशी साल तपकिरी व्हायला लागलेली, अशी.

वरच्या पसाऱ्यातून मी आठ काड्या घेतल्या. सहा घेतल्या खोडाच्या तळाशी फुटलेल्या धुमाऱ्यांच्या. त्या घ्यायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. कलमं करण्यात हयात घालवलेल्या एका माळीकाकांना मी जायच्या आधी विचारलं होतं. त्यांनी झाडाचं वय विचारलं. अक्कानं ते लावलं त्याला एकेचाळीस वर्षं झाली होती. ते म्हणाले, "मग वरची काडी मुळं धरायला कुरकुर करणार, बाई. बुडातले धुमारे असतील तर तेही घ्या. झाड तळाशी लहानच असतं."

झाड तळाशी लहानच असतं. हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं.

स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ओलं फडकं पसरून आम्ही दोघी बसलो. मॅग्नोलियाची काडी जवळून पाहावी अशी असते. प्रत्येक पेराशी एक बारीक रेघ काडीला पूर्ण वेढा घालून जाते, बांगडीसारखी. कोवळं पान आणि शेंडा ज्या टोपणात झाकलेले असतात ते टोपण गळून पडल्याचा तो वण. सोनचाफ्याच्या काडीवरही तो असतो; फूल नसताना हे घराणं ओळखायचं असेल तर बोटानं ती रेघ शोधावी. अक्कानं चष्मा लावून एकेक रेघ मोजली आणि म्हणाली, "एवढ्या वर्षांत मी हे पाहिलंच नव्हतं गं."

डोळ्याच्या जरा खाली धारदार सुरीनं तिरका काप घेतला. वरची दोन पानं ठेवली, तीही कात्रीनं अर्धी केली, कारण मुळं नसलेल्या काडीला अख्ख्या पानाची तहान भागवता येत नाही. मग बुडाशी एका बाजूनं दोन-अडीच सेंटिमीटर लांबीची सालीची पातळ कपची काढली. आधी हिरवं दिसतं, मग त्याखालचं ओलसर पांढरं. त्याच क्षणी वास सुटतो, थोडा लिंबाच्या सालीचा, थोडा मसाल्याचा. फुलाच्या गंधापेक्षा मला तो जास्त जवळचा वाटतो, कारण तो जखमेचा आहे. मूळ फुटायचं तर इथूनच फुटणार असतं. सालीच्या आतल्या जिवंत थराला इजा झाली की तिथल्या पेशी आपलं ठरलेलं काम सोडून देतात आणि मूळ व्हायला तयार होतात. फांदीच्या पेशीनं मूळ व्हायचं ठरवावं याचं मला अजून नवल वाटतं.

जखमेला मुळं फुटण्याची पावडर लावली. तीत असतं इंडोल ब्युटिरिक आम्ल, ऑक्सिन जातीचं संजीवक. शेंड्यात तयार होऊन खाली झिरपणारं एक द्रव्य वाढ घडवून आणतं, हे फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञानं 1928 मध्ये ओटच्या कोंबांवर दाखवून दिलं, आणि पुढच्या दहा वर्षांत या संजीवकांचा वापर कलमांसाठी व्हायला लागला. गुलाबाला त्याच्यावाचूनही चालून जातं. मॅग्नोलियाला सहसा चालत नाही, आणि सौम्य मात्राही पुरत नाही. मी हजारी आठ भागांची घेतली. निम्मं कोकोपीट आणि निम्मं परलाइट, म्हणजे हलके पांढरे खडे, भरलेल्या उभट पिशव्यांत काड्या खोचल्या, बोटानं बुडाशी दाबल्या आणि वरून पारदर्शक झाकण घातलं. परत येताना प्रवासभर तो खोका मांडीवर होता.

नंतरचे आठवडे थोडक्यात सांगते, कारण त्यात करण्यासारखं फारसं नसतं. झाकणाच्या आतून बाष्प जमलेलं असलं पाहिजे, पण पिशवीतून पाणी निथळता कामा नये. उजेड भरपूर, ऊन अजिबात नाही. बुडाशी वीस-बावीस अंशांची ऊब मिळाली तर उत्तम. गळलेलं पान त्याच दिवशी उचलायचं, नाहीतर बुरशी शेजारच्या काडीवर जाते. तिसऱ्या आठवड्यात चार काड्या काळ्या पडल्या. चारही वरच्या पसाऱ्यातल्या.

सातव्या आठवड्यात मी एक काडी हलकेच उकरून पाहिली. जखमेच्या कडेनं पांढरट, खरबरीत, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे गोळे आले होते. मी अक्काला आनंदानं फोन केला. तसं करायला नको होतं. तो कॅलस होता. झाड जखम भरून काढतं ती ही खपली, मूळ नव्हे. कॅलस आला म्हणजे काडी जिवंत आहे इतकंच कळतं. वरच्या तीन काड्या तसलेच गोळे वाढवत बसल्या, एकही मूळ न फुटता, आणि जवळचं साठवलेलं सगळं त्यातच संपवून गेल्या. तळाच्या धुमाऱ्यांपैकी तिघांना मात्र दहाव्या आठवड्यापर्यंत मुळं आली होती.

मॅग्नोलियाचं मूळ एकदा पाहिलं की विसरत नाही. मोगऱ्याची मुळं दोऱ्यासारखी असतात. हे जाडजूड, मांसल, मलईच्या रंगाचं, शेवग्याच्या कोवळ्या देठाएवढं आणि तितकंच ठिसूळ. त्याला फाटे कमी. म्हणून एक मोडलं तर बरंच काही मोडलं. वरच्या आठ काड्यांतली फक्त एक तगली. तिला सर्वात शेवटी, चौदाव्या आठवड्यात, एकच मूळ आलं.

आठात एक आणि सहात तीन. माळीकाकांचं वाक्य मला तेव्हा कळलं. झाडाचं वय सगळीकडे सारखं नसतं. खोडाचा तळ ही त्याची सर्वात जुनी जागा, आणि तरी तिथून फुटणाऱ्या धुमाऱ्याला झाडाच्या लहानपणीची सवय असते: भराभर वाढायचं, सहज मुळं टाकायची, फुलांचा विचार करायचा नाही. शेंड्याकडच्या फांद्या मोजायला गेलं तर कालच्या, पण त्या प्रौढ. त्यांच्यात कळ्या धरायचं कसब आलेलं असतं आणि मुळं फोडायचं कसब गेलेलं असतं. काडी तोडली म्हणून हे पुसलं जात नाही. तिचं वय तिच्याबरोबर येतं.

आता चुकीबद्दल. मुळं दिसली आणि मला राहवलं नाही. थंडी तोंडावर असताना मी तळाच्या तिन्ही रोपांना मोठ्या कुंड्यांत हलवलं, चांगलं खतमातीचं मिश्रण दिलं. हलवताना एकाचं मूळ मोडलं, तो आवाज मला ऐकू आला. वरच्या काडीला एकच मूळ म्हणून भीतीपोटी हात लावला नाही. थंडीत सगळ्यांची पानं गळली, ते साहजिकच. थंडी सरल्यावर दोन रोपांचे डोळे उघडलेच नाहीत. नखानं साल खरवडली तर आत तपकिरी. खणून पाहिलं तर मुळं गळून गेलेली.

का गेली हे मी नंतर शिकले. मुळं फुटायला काडी आपला साठा खर्चते. त्यानंतर नवी पालवी फुटून तो साठा भरून निघाला नाही तर हिवाळा काढण्यापुरतं, आणि पुढे पालवी फोडण्यापुरतं, तिच्याजवळ काही नसतं. मॅग्नोलियाची मुळं धरलेली कलमं पहिल्या हिवाळ्यात मोठ्या संख्येनं जातात ती यामुळेच. ज्या वर्षी काडी लावली त्या वर्षी तिला हलवायचं नाही. थंडीनंतर पालवी फुटायला लागली की मगच. वाचलेलं तिसरं रोप तेच होतं ज्यानं मुळं आल्यावर वीतभर नवा शेंडा काढला होता. मेलेल्या त्या दोघांना मूळ धरेपर्यंत मी चांगलं सांभाळलं होतं, आणि नंतर त्यांना स्वस्थ ठेवायचं ते ठेवलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच वसंतात अक्काचं झाड शेवटचं फुललं. घर अजून रिकामं करायचं होतं, मी मदतीला गेले होते. सामानाच्या खोक्यांतून वाट काढत आम्ही अंगणात गेलो. मी तिला फुलाच्या आत पाहायला लावलं. मॅग्नोलियाच्या फुलात पाकळ्या आणि बाहेरची हिरवी दलं अशी वाटणी सहसा दिसत नाही. बहुतेक सगळ्या सारख्याच, इथे नऊ. मधे उभा दांडा आणि त्यावर मळसूत्रासारखे स्त्रीकेसर नि पुंकेसर. ही रचना फार जुनी. मधमाश्या पृथ्वीवर येण्याआधी हे घराणं होतं असं सांगतात, आणि त्याचा परागवाहक होता भुंगेरा. भुंगेऱ्याचे जबडे दांडगे, म्हणून फुलाचे भाग चिवट. फूल आधी स्त्री असतं, मग पुरुष. मधल्या वेळात ते मिटून घेतं, आणि आत आलेला भुंगेरा तिथेच मुक्कामाला राहून अंगाला पराग माखून निघतो. त्या दिवशी खरंच एका अर्धमिटल्या फुलात एक काळा भुंगेरा बसला होता. अक्का बराच वेळ वाकून पाहत राहिली. मग तिनं ती फांदी हळूच सोडली, त्याला धक्का लागू नये अशी.

झाड त्या उन्हाळ्यात पाडलं. ती पाहायला गेली नाही, मीही नाही.

व्हाइट हाउसच्या दक्षिण बाजूला एक मॅग्नोलिया ग्रँडिफ्लोरा होता. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी 1828 च्या डिसेंबरात वारलेल्या आपल्या पत्नीच्या आठवणीसाठी तो लावला असं सांगतात. खोड पोकळ झाल्यामुळे 2017 मध्ये त्याचा मोठा भाग छाटावा लागला आणि 2025 मध्ये ते झाड काढून टाकलं. पण त्याची रोपं आधीच करून ठेवलेली होती. ही बातमी वाचली तेव्हा मला त्या रोपांसाठी काडी कुठली निवडली असेल, वरची की बुडातली, एवढाच प्रश्न पडला. फोटो ठेवता येतो, लाकडाचा तुकडा ठेवता येतो. पण जिवंत गोष्ट जिवंतच ठेवायची तर ती संपायच्या आधी कुणीतरी सुरी घेऊन पहाटे उठावं लागतं.

माझ्याकडे दोन रोपं राहिली. दुसऱ्या वर्षी दोघांना पालवी फुटल्यावर हलवलं, मुळांभोवतीचं मिश्रण न झटकता, जसंच्या तसं. तळाच्या धुमाऱ्याचं रोप झपाट्यानं वाढलं. तिसऱ्या वर्षी माझ्या खांद्याला लागलं, पानं तळहाताहून मोठी. वरच्या काडीचं रोप गुडघ्याच्या वर गेलं नाही. वर्षाला दोन-तीन पानं जास्त, बस्स. मला मनातून त्याची काळजी वाटायची आणि थोडी नाराजीही होती. जागा अडवून बसलंय असंही एकदा मनात आलं.

चौथ्या वर्षी थंडी सरत आली तेव्हा त्या ठेंगण्या रोपाच्या शेंड्याचा डोळा इतर डोळ्यांहून जाड दिसायला लागला. त्यावर राखाडी लव होती, मांजरीच्या कानामागं असते तशी. पानाचा डोळा असा फुगीर नसतो. मी रोज सकाळी आधी तिकडे जायचे. लव फाटली, आतून जांभळं टोक आलं, आणि पाच दिवसांत एक फूल उघडलं. ते सव्वा हाताचं झाड आणि त्यावर ते अक्काच्या झाडाचं पूर्ण मापाचं फूल. खांद्याएवढ्या रोपावर एकही कळी नव्हती, पुढची काही वर्षं नसेलही. ते अजून लहान आहे.

अक्का दुसऱ्या दिवशी आली. ती आता शहात्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात, तरी पायरीवर टेकून तिनं तोंड फुलापाशी नेलं. नऊ मोजली. मग दोन्ही कुंड्यांकडे पाहत विचारलं, "माझ्या गॅलरीत एक होईल?"

"हे मोठं घेऊन जा," मी म्हटलं. "दणकट आहे, याच्या काड्याही सहज लागतील."

"आणि फुलेल कधी?"

मी काही बोलले नाही.

"मला या लहानग्याची काडी दे," ती म्हणाली.

"याला मुळं धरत नाहीत गं लवकर. आठात एक लागली होती."

"मग सगळ्या याच्याच घे."

मी शेंड्याखालची फांदी बोटानं वाकवून पाहिली. गेल्या वर्षीची, जून. नवी पालवी अजून यायची होती. "पानं येऊ देत," मी तिला म्हटलं, "मग सहा-सात आठवड्यांनी ये. आदल्या रात्रीच ये, पहाटे उठावं लागेल."